उलट प्रश्न विचारायचे नाईत

५ नोव्हेंबर

कागदवाल्या एजन्सीनं फुकट दिलेली ही डायरी जानेवारीपासून गल्ल्याखाली पडून होती. वर्ष सरत आलं, पण कोरे कागद वाया घालवणं माह्याच्यानं होत नाई. शिवाय डोक्यातली भडास कुठंतरी काढाच लागते. घरात काढली त बायको, मंदा, भांडे आपटते.

तुळशीचं लग्न झालं. आता पत्रिकांचा सिझन. सेलूत बस स्टँडवरून आत आलं की पहिलं प्रिंटिंगचं दुकान माह्यं, ज्ञानेश्वरभाऊचं. लग्नपत्रिका, मयताच्या तेरवीचे कार्ड, वाढदिवसाचे फ्लेक्स. मजकूर लिहायचं अन् प्रूफ तपासायचं काम माह्यी पोरगी समीक्षा करते. कॉलेज झाल्यापासून तेच करते. दिवाळीत म्हणते, "बाबा, मले महिन्याचा पगार देत जा."

घरच्या माणसाले पगार! म्हटलं, मग मी तुले जेवणाचं बिल लावू काय? ती उठून आत गेली.

मीबी कच्चा नाई. दुसऱ्याच दिवशी दुकानाच्या कॉम्प्युटरवर तो एआयचा चॅटबॉट घेतला, महिन्याच्या प्लॅनचा. नावं टाकली की मजकूर तयार. पगार नाई, रुसवा नाई. पण आज बँकेचा मेसेज आला, प्लॅनचे पैसे कटले म्हणून, अन् छातीत कळच आली. बाप्पा, एवढ्यात घरचं महिन्याचं तेल येते!

८ नोव्हेंबर

बाजूच्या मोबाइल दुकानातल्या मुकेशले बोलावलं. पोरगा भला आहे. शिकवायचा एक पैसा मागत नाई.

मी मशीनसंग कसा बोलतो ते त्यानं पाह्यलं अन् हासतच सुटला. मी दर वेळी "राम राम, मी सेलूवरून ज्ञानेश्वर बोलून राह्यलो, सगळं बरं आहे ना" असं सुरू करत होतो. काम झालं की "आभारी आहो". माणसाची रीत असते बावा. मुकेश म्हणते, "काका, नीट वापरलं त तुमचं फुकटातच भागन. प्लॅन कायले पायजे? पण फुकटात मेसेजची मर्यादा असते. संपली की दोन-चार घंटे थांबा लागते. म्हणून फालतू मेसेज धाडायचे नाईत. राम राम नाई, आभार नाई. सगळी माहिती एका झटक्यात द्या. जुन्या लांबलचक गप्पेतच पुढचं काम नका देऊ, नव्या कामाले नवीन गप्पा उघडा."

किती सोपं! एवढे दिवस मी मशीनची खुशाली विचारण्यात पैसे घालवले.

समीक्षानं त्याले चहा आणून देल्ला. मलेबी देल्ला. त्याच्या चहात अद्रक होतं, माह्या चहात नव्हतं. म्हटलं, अद्रक महाग आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चहात कायले टाकते? ती म्हणते, चुकून पडलं.

१२ नोव्हेंबर

मर्यादा कुठं खर्च होते ते मीच शोधून काढलं. मुकेशलेबी सुचलं नव्हतं. ते मशीन प्रश्न लय विचारते! पत्रिकेचा मजकूर मागितला की म्हणते, "वधूच्या मामांचं नाव आधी घ्यायचं की काकांचं?" सांगितलं की म्हणते, "आजोबांच्या नावापुढे 'श्री.' लिहायचं की 'स्व.'?" त्याचं उत्तर द्या, मग आणखी एक. प्रत्येक उत्तराले माह्या एक मेसेज जाते. हा त सरकारी बाबू झाला! एका पत्रिकेले अर्ध्या दिवसाची मर्यादा खाते.

सेटिंगमध्ये कायमची सूचना लिहून ठेवता येते. आज लिहून टाकली: "उलट प्रश्न विचारायचे नाईत. समजेल तसं करून टाक. उत्तर थोडक्यात."

काय सांगू, मशीन असं सुतासारखं सरळ आलं! नावं टाकली, मजकूर हजर. चूं नाई की चां नाई. प्लॅन बंद करून टाकला.

मुकेश तोंड वाकडं करून म्हणते, "काका, प्रश्न नका बंद करू. बाकी सगळं कापा, ते नका कापू. त्याले माहीत नसन ते तो मनानंच भरून देईन." म्हटलं, तू मोबाइल विक. मी वीस वर्षांपासून पत्रिका छापून राह्यलो.

१५ नोव्हेंबर

घरातबी हाच नियम लावला पायजे असं वाटते. मंदा सकाळी उठल्यापासून सुरू होते. भाजी कायची करू, गॅस सांगितला काय, समीक्षाच्या स्थळासाठी पुलगाववाल्यांचा फोन आला काय. म्हटलं, समजेल तसं कर. तेव्हापासून चूप आहे. घर कसं शांत वाटून राह्यलं.

संध्याकाळी दुकान बंद करताना समीक्षा म्हणते, "बाबा, एक बोलायचं होतं."

"एका वाक्यात सांग."

"एका वाक्यात नाई होत."

"मग नीट जुळवून ये. सगळं एका झटक्यात सांगता आलं पायजे. मशीनले जमते त तुले काऊन नाई जमत?"

ती शटर ओढायले लागली. हिशेबी बोलायची सवय लागली पायजे पोट्टीले. उद्या सासरी गेल्यावर कोण ऐकून घेते एवढं?

१९ नोव्हेंबर

आज रेकॉर्ड केलं. तीन कामं एकाच मेसेजमध्ये उरकले! मुकेश म्हणते नव्या कामाले नवीन गप्पा उघडा, पण एकात तीन बसत असन त तीन मेसेज कायले घालवायचे? एक तेरवीचं कार्ड, एक वाढदिवसाचा फ्लेक्स, अन् बंडूजी झाडेच्या पोरीची लग्नपत्रिका. बंडूजी म्हणजे भाजीवाला माणूस, आठवडी बाजारात मेथी-पालक घेऊन बसते. चांगली जाड, सोनेरी अक्षराची पत्रिका पसंत केली त्यानं. एकुलती एक पोरगी आहे म्हणते.

मजकूर डोळ्याखालून घातला अन् छापायले लावला. समीक्षानं वाचायले घेतला होता. म्हणते, "बाबा, हे बंडूजीच्या पत्रिकेत रामाजी आबाच्या..." म्हटलं, आत्ताच मशीनचे प्रश्न बंद केले, तर तुह्ये चालू झाले? माहिती बंडूजीनं देल्ली, मजकूर मशीननं केला, तू कायले मधात येते?

"बरं," म्हणाली अन् कागद खाली ठेवला.

अशी समजदारी आधी दाखवली असती त पगाराची भाषाच नसती निघाली.

२३ नोव्हेंबर

असा दिवस वैऱ्यावरबी नको येऊ.

सकाळी दुकान उघडलं नाई त बंडूजी मोटरसायकल घेऊन दारात. मागं त्याचा बाप बसला होता, रामाजी आबा. बंडूजीनं पत्रिकेचा अख्खा गठ्ठा काउंटरवर आपटला.

"ज्ञानेश्वरभाऊ, माह्या बाप रोज सकाळी मेथीच्या जुड्या बांधते. अन् तुमी त्याले मारून टाकलं?"

मी पत्रिका उघडली. आशीर्वादाच्या जागी सोनेरी अक्षरात लिहिलेलं: स्व. रामाजी झाडे.

झालं असं की तेरवीचं कार्ड होतं तेबी रामाजी झाडेचंच, दुसऱ्या गावच्या. मशीनले वाटलं दोघं एकच. समजेल तसं करून टाकलं! आपल्याकडे पहिली पत्रिका देवापाशी ठेवतात अन् दुसरी घरच्या मोठ्या माणसाच्या हातात देतात, कुंकू लावून, त्यानं सगळ्यांपुढे वाचून दाखवायची. आबानं चष्मा लावून मोठ्यानं वाचायले सुरुवात केली. गणपती झाला, कुलदैवत झालं, मग स्वतःचं नाव आलं, अन् तिथंच थांबला म्हणे. नवरी रडायले लागली. बायका म्हणायले लागल्या की अपशकुन झाला.

आबा मात्र बाकावर बसून हासत होता. बोळकं पसरून म्हणते, "पाहून घे ना बे, जिता हाये ना मी? हात लावून पाह्य." मग समीक्षाकडे बोट दाखवते. "तुह्या या पोरीले विचारलं असतं त तिनं सांगितलं असतं. दर बाजारी मले विचारते ना ही, आबा गुडघा कसा आहे म्हणून."

माह्यं डोस्कं फिरलं. म्हटलं, "हो ना! प्रूफ तिच्याच हातात होतं. समीक्षा, डोळे फुटले होते काय तुह्ये?"

ती सगळ्यांपुढे म्हणते, "मी विचारत होती, बाबा."

चोराच्या उलट्या बोंबा! चार माणसांत बापाले खोटं पाडलं. आबा मग हासला नाई. बंडूजीले म्हणाला, "चाल रे." मी नवीन पत्रिका फुकट छापून देतो म्हटलं. बंडूजी म्हणते, वर्ध्याले छापायले टाकल्या. असू द्या.

२७ नोव्हेंबर

गावाले त निमित्तच पायजे. चहाच्या टपरीवर मले पाहून एक जण म्हणते, "भाऊ, माह्या वाढदिवसाचा फ्लेक्स करायचा होता, पण जीव राह्यला पायजे." सगळे फिदीफिदी. जित्या माणसाले मारणारा प्रेस, असं नाव पडलं. दोन पत्रिकावाले बयाना वापस घेऊन गेले. वीस वर्षांची इज्जत एका "स्व."नं खाल्ली. मले लय लागलं. रडायले येऊन राह्यलं होतं, पण दुकानात कुठं रडता?

मुकेश आला. म्हणते, "काका, ती सूचना काढून टाका. विचारू द्या त्याले." म्हटलं, तुह्याच शिकवणीनं हे झालं. त्यानं समीक्षाकडे पाह्यलं. मग म्हणते, मी जाम गावाले हायवेवर गाळा पाहून राह्यलो, तिकडे गिऱ्हाईक जास्त आहे. म्हटलं, जा बावा. रोजचा चहा वाचन माह्या.

अन् आणखी एक चोरी सापडली. माह्यी मर्यादा दुपारीच काऊन संपते ते. कॉम्प्युटरवर मशीनसंगच्या जुन्या गप्पांची नावं एका बाजूले दिसतात. त्यात एक होती "बाबांना कसं सांगावं". समीक्षाचीच असन, दुसरं कोण? खाली खाली गेलं तरी संपत नव्हती, एवढी लांब. इकडे मी एकेक मेसेज वाचवून राह्यलो, अन् ही मशीनसंग पुराण लावून बसली! वाचत बसायले वेळ नव्हता. पुसून टाकली.

तिले सांगितलं, "ते लांबलचक होतं ते मी पुसलं. मर्यादा खात होतं."

तिनं विचारलं, "वाचलं?"

"कायले वाचू?"

ती माह्याकडे पाहत राह्यली. असं पाह्यलं की मले राग येते. काय ते तोंडानं बोलावं.

२ डिसेंबर

पुलगावचं स्थळ पक्कं होईन असं वाटते. पोरगा नोकरीवाला, घरचं शेत, आपल्यातलेच लोक. वीस तारखेले पाहायले येतात. त्यांनी बायोडाटा मागितला. मशीनले एका मेसेजमध्ये सांगितलं, मुलगी समीक्षा, सेलू, चांगल्या घरची, बायोडाटा बनव. बी.ए. केलं की बी.कॉम. तेवढं मले आठवून नाई राह्यलं. मशीननं स्वतःच "पदवीधर" लिहून टाकलं. हुशार आहे. आवडी म्हणून स्वयंपाक, शिवणकाम, भजन घातलं. उंची पाच फूट चार. मोजली नाई, पण तेवढी असनच.

छापून तिच्या हातात देल्ला. तिनं दोनदा वाचला.

"बाबा, याच्यात मी कुठं आहे?"

म्हटलं, वरती नाव आहे ना मोठ्या अक्षरात.

९ डिसेंबर

कागद आणायले वर्ध्याले गेलतो. कचेरीच्या आवारासमोर मुकेश भेटला. नवा शर्ट, हातात फाइल. मले पाहून दचकला. "काय बे, इकडे कुठं?" म्हटलं. "काका, कागदाचं काम होतं." म्हटलं, मीबी कागदालेच आलो. त्यानं मले चहा पाजला. पैसे त्यानंच देल्ले. मग वाकून पाया पडला. म्हणते, जामले चाललो ना काका, आशीर्वाद द्या. देल्ला. संस्कार आहेत पोरात. आजकाल कोण पडते पाया?

१६ डिसेंबर

मंदा दोन दिवसांसाठी बहिणीकडे गेली. समीक्षा सकाळीच मैत्रिणीकडे. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. दुपारी मोबाइल वाजला.

"बाबा, मी आज वर्ध्याले मुकेशसंग रजिस्टर लग्न केलं, जामले राहू, दुकानाची दुसरी चाबी फ्रिजवर आहे, बीपीच्या गोळ्या सकाळी जेवल्यावर घ्यायच्या असतात, उपाशी नाई, उत्तर पाठवायची गरज नाई."

एवढंच. राम राम नाई, काही नाई. सगळं एका वाक्यात.

१७ डिसेंबर

लिहिल्या जात नाई.

१८ डिसेंबर

मंदा आली. मी ओरडलो, तुह्या पोरीनं काय केलं माहीत आहे काय? ती चप्पल काढत म्हणते, "माहीत आहे. मी तिथंच होती. सही केली मी."

माह्या बायकोनं साक्षीदार म्हणून सही केली. बहिणीकडे जातो सांगून.

"तुले कधीपासून माहीत होतं?"

"दिवाळीपासून."

"मग मले काऊन नाई सांगितलं?"

"तुमी कुठं विचारलं?" असं म्हणून स्वयंपाकघरात गेली. भांडे नाई आपटले. आपटले असते त बरं झालं असतं.

महिनाभर त्यांच्या नावाची नोटीस कचेरीत लागून होती म्हणे, कोणाची हरकत असन त सांगा म्हणून. त्याच फाटकासमोर मी त्याच्या पैशाचा चहा प्यालो, वरून आशीर्वाद देल्ला. मुकेश आपल्यातला नाई. मी हरकत घेतलीच असती, तंगडी तोडली असती. म्हणूनच नाई सांगितलं, हे मलेबी समजते. मी काही येडा नाई. पण बापाले एकदा भांडू त द्यायचं होतं! पुलगाववाल्यांना आता काय सांगू? अन् एवढं करून वर गोळ्या जेवल्यावर घ्या म्हणते. माह्या जीव जळून राह्यला.

१९ डिसेंबर

दुकानात बसलो. मशीनले लिहिलं, "समीक्षा 'बाबांना कसं सांगावं' यात काय विचारत होती?" उत्तर आलं: "ते संभाषण हटवलेलं आहे. उपलब्ध नाही." थोडक्यात. उलट प्रश्न नाई.

अख्ख्या सेलू तालुक्याच्या पत्रिका मी छापल्या. पळून गेलेल्यांच्या रिसेप्शनच्यासुद्धा छापल्या, त्यांचे बाप खाली मान घालून बसायचे या बाकावर. माह्या एकुलत्या एका पोरीची पत्रिका नाई.

काय डोक्यात आलं कोण जाणे. सेटिंगमध्ये गेलो अन् ती सूचना पुसून टाकली. लिहिलं, "माझ्या मुलीचं लग्न झालं. पत्रिका बनव." लगेच विचारायले लागलं: "अभिनंदन! मुलीचं पूर्ण नाव काय? शिक्षण? वराचं नाव? वराच्या वडिलांचं नाव? निमंत्रक म्हणून कोणाचं नाव घालू?"

नाव लिहिलं. शिक्षणापाशी अडलो. मंदाले फोन लावून विचारलं, बी.कॉम. आहे. वराच्या बापाचं नाव मंदाले माहीत नव्हतं. ती म्हणते, तिलेच विचारा ना. एवढे वर्षं बाजूले दुकान, रोजचा चहा, अन् मुकेशच्या बापाचं नाव मी कधी विचारलंच नाई. जिता आहे की मेला तेबी मले माहीत नाई. श्री. लिहू की स्व.?

उठून बाहेर गेलो. त्याच्या शटरवर "गाळा भाड्याने देणे आहे" असा कागद चिकटवला आहे. अक्षर समीक्षाचं.

मग मोबाइल घेतला. तिले लिहिलं, "मुकेशच्या वडलांचं नाव काय?" खाली आणखी लिहिणार होतो, पण तेवढंच धाडलं.

निळ्या खुणा लगेच आल्या. लिहून राह्यली असं दिसलं, बंद झालं, परत दिसलं. मग एकच शब्द आला.

"कायले?"

दुकान बंद करायची वेळ झाली. मशीनवर त्याचे प्रश्न तसेच उभे आहेत, मोबाइलवर हा एक. चार वेळा लिहिलं अन् चार वेळा पुसलं. एवढ्याशा प्रश्नाचं उत्तर मले लिहिता येऊन नाई राह्यलं.